आठ वर्षं जुनी सीव्हीटी घ्यावी का? वीस-पंचवीसच्या स्पीडला थरथरते, विकणारा म्हणतो असंच असतं

बोरिवली_फास्ट:
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. थोडं लांबलंय.

घरात आम्ही पाच जण. मी, बायको, सहावीतली पोरगी, आई आणि बाबा. आत्ता दारात जी हॅचबॅक आहे ती मॅन्युअल, तेरा वर्षं झाली तिला. मी रोज ट्रेनने चर्चगेटला जातो, गाडी चालवते बायको, बोरिवली ते पवई, म्हणजे आधी हायवे आणि मग जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), आणि जेव्हीएलआर ज्यांनी संध्याकाळी सात वाजता बघितलाय त्यांना वेगळं काही सांगायला नको. क्लच दाबून दाबून तिचा डावा गुडघा संध्याकाळी बोलायला लागतो. तिने स्पष्ट सांगितलंय, पुढची गाडी ऑटोमॅटिक नसेल तर तूच चालव आणि मला ट्रेनचा पास काढून दे.

बजेट साडेपाच लाख, ओढूनताणून पावणेसहा. त्यात नवीन घ्यायची तर छोटी एएमटी (मॅन्युअलच, पण क्लच-गिअर आपोआप) येते, आणि पाच माणसं अधिक गणपतीला गावी जाताना डिकीत जे जे कोंबायचं असतं ते बघता छोटी नको वाटते. म्हणून जुन्या सेडान बघतोय. ठाकूर व्हिलेजमध्ये एक मिळालीय, २०१७ ची, पेट्रोल, सीव्हीटी (गिअरऐवजी बेल्ट-पुलीवाली ऑटोमॅटिक), ५८ हजार किलोमीटर, एकच मालक, मागतोय ५ लाख ४० हजार. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर सगळी चर्चा कंपन्यांच्या भांडणात जाईल.

रविवारी चालवून बघितली. आतून एकदम स्वच्छ, सीटवर डाग नाही. पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे फ्लायओव्हर चढताना जरा जोरात दाबलं तर इंजिन बोंबलतं आणि गाडी मात्र आपल्याच तालात, दोन सेकंदांनी निघते. दुसरं, सिग्नलवरून सुटून वीस-पंचवीसचा स्पीड आला की एक थर्र अशी कंपनं येतात, फळीवरून सायकल गेल्यासारखी, दोन-तीन सेकंद, मग गायब. मालकाला विचारलं तर म्हणाला, सीव्हीटीत असंच असतं साहेब, तुम्हाला सवय नाही. सर्व्हिसच्या पावत्या आहेत, मी सगळ्या चाळल्या, इंजिन ऑइल दरवर्षी बदललंय, गिअरबॉक्सच्या ऑइलचा उल्लेख एकाही पावतीत नाही. हे विचारलं तर म्हणे ते लाइफटाइम असतं.

आमच्या सोसायटीतले एक जण म्हणाले सीव्हीटी म्हणजे आतला बेल्ट तुटला की लाखाचा खड्डा. तर घ्यावी का? आणि ते थरथरणं खरंच नॉर्मल आहे का? बायकोला गाडी जाम आवडलीय, त्यामुळे "नको" म्हणायचं असेल तर कारण भक्कम लागेल.

जुना_क्लच:
सोपं उत्तर, मॅन्युअल घ्या. गाडी चालवणं म्हणजे गिअर टाकणं, बाकी सगळं रिमोटवर चालणारं खेळणं. माझ्याकडे एक सीव्हीटी होती, कंपनी राहू दे, नव्वद हजारावर गिअरबॉक्स आवाज करायला लागला, सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो आम्ही उघडत नाही, अख्खा युनिट बदलावा लागेल, आकडा सांगितला एक लाख ऐंशी हजार. त्या पैशात क्लचप्लेटा किती वेळा बदलून होतील हिशोब करा. विकून टाकली भंगाराच्या भावात. वहिनींच्या गुडघ्यासाठी वाईट वाटतं पण खिशालाही गुडघे असतात.

गिअरबॉक्सवाला_कुर्ला:
बोरिवलीकर, जुना क्लच म्हणतात ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. माझं कामच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, अठरा वर्षं झाली हात काळे करून, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी आत काय असतं ते बघ. गिअर नसतातच. दोन पुल्या असतात, एक इंजिनच्या बाजूला, एक चाकांच्या बाजूला. पुलीचा आकार डमरूसारखा, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये बारीक. आता हा डमरू मधोमध कापलाय असं समज, एक अर्धा जागच्या जागी, दुसरा ऑइलच्या प्रेशरने पुढेमागे सरकणारा. दोन भाग जवळ आले की मधला बेल्ट वर चढतो, लांब गेले की खाली उतरतो. एका पुलीवर चढला की दुसरीवर उतरतो. बस, एवढाच खेळ. पहिला गिअर आणि पाचवा गिअर यांच्यामध्ये जे काय काय असू शकतं ते सगळं मिळतं, झटका न बसता.

बेल्ट म्हटलं की लोकांना पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवतो. तसा नाहीये. पोलादाच्या पातळ पट्ट्यांचे दोन जुडगे, आणि त्यात ओवलेल्या शेकडो छोट्या पोलादी चकत्या. आणि गंमत म्हणजे हा बेल्ट ओढत नाही, ढकलतो. दादरला फास्टमधून उतरताना आपण कुठे चालतो, मागचा ढकलतो म्हणून पुढचा बाहेर पडतो ना, तसं, एक चकती पुढचीला रेटते आणि जोर पलीकडच्या पुलीला पोचतो. काही कंपन्या चकत्यांऐवजी चेन वापरतात, ह्युंदाई-कियाच्या आयव्हीटीमध्ये चेन आहे, तत्त्व तेच.

आता कळीचा मुद्दा. लोखंड लोखंडावर दाबून धरलंय आणि मध्ये फक्त ऑइलचा पापुद्रा आहे. बेल्ट घसरला की पुलीवर ओरखडा, ओरखड्यातून चुरा, चुरा ऑइलमधून फिरून व्हॉल्व्हबॉडीत (ऑइलचं प्रेशर वाटणारा भाग) जाऊन बसतो, प्रेशर कमी पडतं, बेल्ट अजून घसरतो. एकदा हे चक्र लागलं की जुन्या क्लचसाहेबांचा एक लाख ऐंशी. म्हणून या ऑइलचं काम नुसतं वंगणाचं नाही, घासू द्यायचं नाही आणि घसरूही द्यायचं नाही, दोन्ही एकाच वेळी. ते वेगळं सीव्हीटी फ्लुइडच लागतं. साध्या ऑटोमॅटिकचं एटीएफ ओतून आणलेल्या दोन गाड्या माझ्याकडे आल्यात, दोन्ही वेळा ओतणारा म्हणाला "लाल ते लाल". आणि "लाइफटाइम" हा शब्द ऐकला की मी विचारतो, कोणाचं लाइफ? मुंबईचं ट्रॅफिक म्हणजे गिअरबॉक्सला सतत ताप. मी तरी चाळीस-पन्नास हजाराच्या पुढे जाऊ देत नाही. ५८ हजार किमी आणि आठ वर्षं तेच ऑइल म्हणजे त्याची पुण्याई संपलेली आहे.

आता तुझे दोन प्रश्न.

इंजिन बोंबलणं आणि गाडी मागून येणं, ते नॉर्मल. तू जोरात दाबलंस की कॉम्प्युटर इंजिनला थेट जोराच्या आरपीएमवर नेऊन बसवतो आणि मग पुली सरकवत गाडीला तिथपर्यंत आणतो. आपल्या कानाला सवय आहे आवाज आणि स्पीड बरोबर चढण्याची, इथे आवाज आधी पोचतो. दाब कमी कर, हळूहळू दाब, आवाज निम्मा होईल.

थर्र मात्र नॉर्मल नाही. विकणारा एकतर अडाणी आहे नाहीतर फार हुशार. वीस-पंचवीसला बऱ्याच गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लच पकडतो, ऑइल शिळं झालं की तो पकडताना थरथरतो. जुन्या काही मॉडेलमध्ये कन्व्हर्टरच नसतो, स्टार्ट क्लच असतो, तोही तसाच करतो. हे कारण असेल तर ऑइल बदलून बहुतेक वेळा सुटतं. पण इंजिनचं एखादं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं ते, फाटलं असेल तरी अशीच थरथर येते, आणि तो खर्च किरकोळ. तिसरी शक्यता बेल्ट-पुली, मग तिथून पळ.

ओळखायचं कसं? सकाळी गाडी थंड असताना जा, मालकाला सांग आधी चालू करून ठेवू नकोस. थंड असताना एकदा चालव, मग अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये फिरवून परत तेच बघ. गरम झाल्यावर थरथर वाढत असेल किंवा बारीक किंऽऽ असा शिट्टीसारखा आवाज स्पीडबरोबर चढत असेल तर सोडून दे. ओळखीच्या वर्कशॉपला नेऊन स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लाव. आणि शक्य असेल तर ड्रेन प्लग उघडून बघ, बऱ्याच गाड्यांत त्यावर मॅग्नेट असतं. त्यावर राखाडी मऊ लेप म्हणजे नेहमीची झीज, चालतं. चमकणारे कण बोटाला टोचले की नमस्कार करायचा आणि रिक्षा पकडायची.

आणि एक, २०१७ ची मुंबईची गाडी आहे ना, मग २९ ऑगस्ट २०१७ ला ती कुठे उभी होती ते विचार. त्या दिवशी बुडालेल्या किती गाड्या धुऊनपुसून परत बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, जो भाग कधीच बाहेर येत नाही तिथे चिखलाची रेघ राहते. पाणी गिअरबॉक्समध्ये गेलं असेल तर आतलं ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसतं.

ठाण्याची_ताई:
गिअरबॉक्सवाले दादांनी तांत्रिक सगळं सांगितलंच, मी चालवणाऱ्याच्या बाजूने लिहिते कारण इथे नेहमी पुरुषमंडळी गाडीवर बोलतात आणि चालवते कोण तर वहिनी.

माझी सीव्हीटी सहा वर्षं झाली, ९३ हजार किमी, ठाणे ते बीकेसी रोज, दोन वेळा फ्लुइड बदललंय, तिसऱ्यांदा आता दिवाळीत. आजपर्यंत गिअरबॉक्ससाठी एक रुपया वेगळा गेला नाही. त्याआधी एएमटी होती. एएमटी म्हणजे आपलाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच दाबायला आत बसवलेला एक यंत्रमानव, त्यामुळे स्वस्त, मायलेज चांगलं, दुरुस्ती सोपी, हे सगळं खरं, पण दर गिअरला मान हलते नंदीबैलासारखी. मला त्याचं काही नाही, पण माझ्या सासूबाईंना गाडी लागते. ठाण्याहून सायनपर्यंत जायचं तर आवळा सुपारी, लिंबू, प्लास्टिकची पिशवी, सगळा सरंजाम मांडीवर. एएमटीत एकदा घाटकोपरच्या पुलावर पिशवी उघडायच्या आत जे व्हायचं ते झालं, सविस्तर लिहीत नाही, कोणी जेवत असेल. सीव्हीटी आल्यावर पहिल्यांदा त्या सायनपर्यंत गप्पा मारत आल्या आणि उतरताना म्हणाल्या, आज तू हळू चालवलीस गं. मी हळू चालवली नव्हती! बाई सत्तरच्या खाली नव्हतेच मी. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गाडी लागणारं कोणी असेल तर हा फरक कुठल्या ब्रोशरमध्ये लिहिलेला नसतो.

आता ज्या चुका मी केल्या त्या वहिनींनी करू नयेत म्हणून. आमच्या सोसायटीचा पोडियमचा रॅम्प उभा आहे, वर गाडी अडली की मी ब्रेक न लावता अॅक्सिलरेटर हलकासा दाबून गाडी चढावर तरंगत ठेवायचे, क्लचची सवय. वास यायला लागला. तेव्हा कळलं की असं केल्याने आत नुसतं ऑइल तापतं. चढावर थांबायचं तर ब्रेकवर थांबायचं. दुसरं, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डी (पुढे) वरून आर (मागे) नाही, मागे तीन रिक्षा कितीही हॉर्न देऊ देत. तिसरं, उतारावर पार्क करताना आधी हॅन्डब्रेक ओढायचा, ब्रेकवरचा पाय थोडा सोडून गाडीचा भार हॅन्डब्रेकवर येऊ द्यायचा आणि मग पी (पार्क), नाहीतर सगळा भार त्या छोट्याशा लॉकवर येतो आणि निघताना ठक्क करून आवाज.

घाटात उतरताना डी मध्ये राहू नका. डी मध्ये गाडी मोकळी सुटते, नुसता ब्रेक ब्रेक ब्रेक, खोपोलीला पोचेपर्यंत ब्रेकचा वास. एस किंवा एल (स्पोर्ट किंवा लो) ला घ्या, इंजिन धरून ठेवतं. आणि गाडी बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढायला कोणालाही देऊ नका, फ्लॅटबेडच मागवा, इन्शुरन्समध्ये असतं बऱ्याचदा.

मायलेज शहरात मला दहा-अकरा मिळतं, हायवेला सोळा-सतरा. कागदावर मात्र सीव्हीटी काही गाड्यांत मॅन्युअलपेक्षा पुढे असते, होंडा एलिव्हेटचे कंपनीचे आकडे बघा, मॅन्युअल १५.३१ आणि सीव्हीटी १६.९२.

बोरिवली_फास्ट:
बापरे, एवढं सगळं! ताई, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं, नंदीबैलावर ती पाच मिनिटं हसत होती. आमच्याकडे आईला गाडी लागते, म्हणजे तो मुद्दा शंभर टक्के लागू.

कुर्लेकर दादा, मालकाला फोन केला, स्कॅनरला हो म्हणाला पण ड्रेन प्लग उघडायला नको म्हणतोय, "सील तुटतं" म्हणे. हे खरं आहे का?

गिअरबॉक्सवाला_कुर्ला:
कसलं सील, एक वॉशर असतो पाच-पन्नास रुपयांचा. त्याला सांग, नवं ऑइल मी माझ्या पैशाने भरतो, आवडली तर गाडी माझी, नाही आवडली तर तुला नवीन ऑइल फुकट. याला जो नाही म्हणेल त्याची गाडी घेऊ नये.

दादरचे_काका:
मी सत्तरीचा माणूस, तुमच्या चर्चेत उगाच तोंड घालतो. तुम्ही पोरं सीव्हीटी म्हणजे काहीतरी नवीन, नाजूक, परदेशी असं बोलताय म्हणून हसू आलं. अरे, १९८४ साली कायनेटिक होंडा आली तेव्हापासून मराठी माणूस सीव्हीटी चालवतोय! आणि आज बिल्डिंगखाली ज्या अॅक्टिव्हा उभ्या असतात त्या काय आहेत? फरक इतकाच की तिथे रबरी बेल्ट आणि पुली दाबायला गोल वजनं असतात, स्पीडबरोबर बाहेर फेकली जाणारी, आणि तुमच्या गाडीत पोलादी बेल्ट आणि कॉम्प्युटर. स्कूटरवाला मेकॅनिक "बेल्ट आणि रोलर बदलायला झालेत काका" म्हणतो तेव्हा आपण गुपचूप बदलतो, सीव्हीटी वाईट म्हणून बोंब मारत नाही.

माझी कायनेटिक होंडा मी एकोणीस वर्षं वापरली. बायको मागे, मुलगा पुढे उभा, डिक्कीत भाजी. किक मारायला नको, गिअर नको, त्यामुळे आमच्या चाळीतल्या ज्या बायका स्कूटरला हात लावायच्या नाहीत त्यांनी शिकून घेतली. तेव्हाही पुरुष हसायचे, ही काय गाडी, नुसतं पिळायचं आणि जायचं. जुना क्लच, तुमच्या "खेळण्या"वरून तेच आठवलं बघा.

मोटारीत हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणलं नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने, १९५८ साली, रबरी पट्ट्यांवर. हुब फान डोर्न नावाचा गृहस्थ. आणि त्या गाड्यांची एक मजा म्हणजे रिव्हर्समध्ये त्या पुढे जातात तितक्याच वेगाने मागे जायच्या, कारण वेगळा रिव्हर्स गिअरच नव्हता, सगळा पट्टा दोन्हीकडे सारखा. तिकडे पुढे त्यांच्या उलट्या शर्यती लावायचे टीव्हीवर. आपल्याकडे लावल्या तर माहीमपासून सुरू करू.

जुना_क्लच:
काका, आदर आहे, पण अॅक्टिव्हाचा बेल्ट स्वस्तात येतो, गाडीचा येतो का? आणि अमेरिकेत काय झालं ते बघा, निसानला तिथे २००३ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांची गिअरबॉक्स वॉरंटी वाढवून १० वर्षं किंवा १ लाख २० हजार मैल करावी लागली. उगाच कोणी करतं का?

गिअरबॉक्सवाला_कुर्ला:
झालं ते खरं आहे, सीव्हीटीचं नाव तिथूनच जास्त खराब झालं. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे, मोठ्या इंजिनांना जोडलेले गिअरबॉक्स होते बरेचसे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी छोटं पेट्रोल इंजिन असतं, त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बेल्टला जड नाही. माझ्याकडे जे येतात त्यातले निम्म्याहून जास्त एकतर ऑइल कधी न बदललेले नाहीतर पावसात बुडालेले. उरलेल्यात खरोखरच खराब निघालेले असतात, ते नाकारत नाही. आणि खर्चाचं म्हणाल तर तो मुद्दा तुमचाच बरोबर, सुटे भाग मिळत नाहीत म्हणून युनिट बदलायला सांगतात, काही वर्कशॉप आता बेल्ट-पुली बसवून देतात पण ज्याच्या त्याच्या हाताची गॅरंटी.

आणि "खेळणं" म्हणालात म्हणून, विल्यम्सने १९९३ ला फॉर्म्युला वनच्या गाडीत सीव्हीटी बसवून टेस्ट केली होती, १९९४ च्या नियमांत त्यावर बंदी आली. शर्यत काही झाली नाही तिची, पण खेळण्यावर कोणी बंदी घालत नाही.

कल्याण_लोकल:
मध्येच विचारतो, हायराइडर आणि ग्रँड विटाराच्या हायब्रिडमध्ये ई-सीव्हीटी लिहितात ते पण असंच बेल्टवालं का? भाऊ घेतोय.

गिअरबॉक्सवाला_कुर्ला:
नाही, नाव सारखं, आत वेगळंच प्रकरण. त्यात बेल्ट नाही, सरकणाऱ्या पुल्या नाहीत. एक ग्रहमालेसारखा गिअरसेट असतो, मध्ये एक, भोवती फिरणारे, बाहेर रिंग, आणि त्याला इंजिन आणि दोन इलेक्ट्रिक मोटरी जोडलेल्या. मोटरीचा वेग कमीजास्त केला की इंजिनचा रेशो आपोआप बदलतो. टोयोटाने १९९७ च्या प्रियसपासून हेच चालवलंय. दणकट असतं. भावाला सांग ते बेल्टचं टेन्शन तुझ्यासाठी नाही, तू बॅटरीची वॉरंटी नीट वाच.

बोरिवली_फास्ट:
अपडेट द्यायला दहा दिवस लागले, माफ करा, मध्ये पोरीची परीक्षा होती.

तर शनिवारी सकाळी सातला गेलो, बॉनेटला हात लावून बघितला, थंड होतं. थर्र आलीच. मग मालकालाच शेजारी बसवून दहिसर चेकनाक्यापर्यंत आणि परत, पाऊण तास. गरम झाल्यावर थरथर वाढली नाही, तेवढीच राहिली, शिट्टीचा आवाज नाही. एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती ती बायकोच्या आली, एसी बंद केला की थरथर कमी होते, आणि सिग्नलला डी मध्ये उभी असतानाही स्टिअरिंग हलकं हलतं. ती म्हणाली हे गिअरचं नाही वाटत मला. मी म्हटलं तू काय मेकॅनिक आहेस का. (हे वाक्य मला पुढे महागात पडलं.)

मालाडच्या मालवणीत बायकोच्या ऑफिसमधल्या एकाचा ओळखीचा गॅरेजवाला आहे, तिकडे नेली. स्कॅनरवर गिअरबॉक्सचा एकही कोड नाही. सीटबेल्ट चारही ओढून बघितले, स्वच्छ. मग तुमची आयडिया सांगितल्यावर मालक प्लग उघडायला तयार झाला. ऑइल निघालं ते कोकमाच्या आगळासारखं काळपट, पण करपल्याचा वास नाही, दूधमिश्रित नाही. मॅग्नेटवर राखाडी लेप, मी बोटाने चोळून बघितला, ग्रीससारखा मऊ, कण नाहीत. आणि खाली वाकलाच होता तर गॅरेजवाल्याने टॉर्च मारून दाखवलं, इंजिनचं एक माउंटिंग मधोमध फाटलेलं. रबराची जीभ बाहेर आलेली. म्हणजे बायको बरोबर होती. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही, ते जास्त वाईट.

नवं फ्लुइड टाकलं, साडेतीन लिटरच निघालं आणि तेवढंच गेलं. माउंटिंग बदललं. थरथर ऐंशी-नव्वद टक्के गेली, अजून कधीतरी सकाळी पहिल्या सिग्नलला किंचित जाणवते. फ्लुइड, माउंटिंग आणि मजुरी धरून मला अकरा हजार दोनशे लागले, ते दाखवून आणि पावतीत फ्लुइड कधीच बदललं नाही हे दाखवून भाव केला, ४ लाख ९५ ला सौदा झाला. नाव ट्रान्सफर व्हायचंय. जुनी हॅचबॅक पुढच्या महिन्यात देऊन टाकू, बाबा रोज खाली जाऊन तिच्या टपावरून हात फिरवून येतात.

दादा, उरलेली किंचित थरथर जाईल का?

गिअरबॉक्सवाला_कुर्ला:
जायला पाहिजे. एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या नळ्यांत बरंच जुनं उरतं, म्हणजे आत्ता तुझ्याकडे नवं-जुनं मिश्रण फिरतंय. हजार-दीड हजार किलोमीटर चालव आणि परत एकदा ड्रेन करून भर. लेव्हल गाडी सपाट उभी करून ऑइल कंपनीने दिलेल्या तापमानाला असतानाच बघायची, जास्त भरलं तरी फेस होतो. कॅन तूच विकत आण, मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडची, आणि ओतताना समोर उभा राहा. तरीही राहिली थरथर तर कुर्ल्याला घेऊन ये.

आणि वहिनींना सांग, कान चांगला आहे त्यांचा.

ठाण्याची_ताई:
अभिनंदन! आईंना पुढच्या सीटवर बसवा पहिल्या दिवशी, आणि पिशवी तरीही जवळ ठेवा.

बोरिवली_फास्ट:
ठेवतो. दुसरं फ्लुइड गणपतीच्या आधीच्या आठवड्यात टाकून घेतो म्हणजे गावाला जाताना काळजी नको. मॅन्युअल मी उघडलं होतं, ग्रेड पान २८७ वर निघाली, फोटो काढून बायकोला पाठवला, तिने तो त्या गॅरेजवाल्याला पुढे पाठवून दर पण विचारून घेतलाय.